पानिपत आपल्याला सांगितले कोणी?

१० जानेवारी १७६०. दिल्लीच्या उत्तरेस यमुनेवरचा बुराडी घाट. नदीकाठच्या उंच गवतात झालेल्या झुंजीत दत्ताजी शिंदे जखमी होऊन पडले आहेत. नजीबाच्या बाजूचा कुतुबशहा पुढे येतो, त्यांना एक कुत्सित प्रश्न करतो, आणि दत्ताजी उत्तर देतात. ते उत्तर येथे लिहिण्याची आवश्यकता नाही. हा धागा वाचणाऱ्या बहुतेकांना ते तोंडपाठ असेल. शाळेच्या स्नेहसंमेलनात दत्ताजीची भूमिका कोणी करायची यावरून आमच्या वर्गात भांडणे होत. कुतुबशहा व्हायला मात्र कोणी तयार नसे.

आज त्या उत्तराविषयी एकच प्रश्न विचारायचा आहे. ते ऐकले कोणी?

दत्ताजी तेथेच मारले गेले. जवळची माणसे पडली होती, पांगली होती किंवा माघार घेत होती. पुतण्या जनकोजी स्वतः जखमी. त्यांना रणातून बाहेर काढण्यात आले. म्हणजे हा संवाद पूर्ण ऐकणारी माणसे जवळपास सारी शत्रुपक्षातली. मग तो मराठी बखरीत आला कसा? छावण्यांत वकील असत, जासूद असत, कैदी सुटून येत, शिपाई फुशारक्या मारत. त्या मार्गाने तो आला असेल. किंवा असा पुरुष अशा क्षणी दुसरे काय बोलणार, या खात्रीने कोणी तो घडवला असेल. दोन्ही शक्य आहे. संवाद खोटा आहे असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे इतकेच की आपल्या आणि बुराडी घाटाच्या मध्ये एक माणूस उभा आहे आणि आपण त्याच्याकडे कधी वळून पाहिले नाही.

त्या माणसाला निवेदक म्हणतात. आजचा धागा त्याच्याविषयी आहे, आणि उदाहरण एकच घेऊ: पानिपत.

प्रथम एक भेद स्पष्ट करू. लेखक म्हणजे लेखणी धरणारा हात. निवेदक म्हणजे आपल्याशी बोलणारा आवाज. पत्रात दोघे सहसा एकच असतात. बखरीत तसे नसते. बखर लिहिणारा कारकून कोठल्यातरी वाड्यात किंवा कचेरीत बसलेला असतो. पण बखरीतला आवाज एकाच वेळी भाऊसाहेबांच्या डेऱ्यात असतो, अब्दालीच्या दरबारात असतो आणि मरणाऱ्या माणसाच्या ओठांजवळही असतो. ही ताकद त्याला कोणी दिली?

याचे उत्तर आपल्या परंपरेत फार जुने आहे. महाभारताचे युद्ध आपल्याला संजय सांगतो. व्यासांनी दिलेल्या दृष्टीमुळे तो दूरचे पाहू शकतो, माणसांच्या मनातलेही जाणू शकतो. पुष्कळांची समजूत अशी असते की संजय हस्तिनापुरात बसून घडेल तसे युद्ध धृतराष्ट्राला ऐकवत होता. भीष्मपर्व नीट वाचले तर चित्र निराळे दिसते. संजय रणांगणावरून परत येतो तो भीष्म पडल्याची वार्ता घेऊनच. आधी शेवट सांगतो. मग हादरलेला म्हातारा राजा विचारू लागतो, हे झाले कसे, आणि तेथून मागची कथा उलगडत जाते. गीतासुद्धा याच मागे वळून सांगण्यात येते. पुढे शल्यपर्वात हाच संजय सात्यकीच्या हाती सापडतो, मरता मरता वाचतो. म्हणजे तो केवळ द्रष्टा नाही, रणात सापडलेला साक्षीदारही आहे. आणि ज्याला तो सांगतो आहे त्याचीच मुले त्या कथेत मरत आहेत.

ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा. श्रोता कोण आहे यावर कथेचा सूर ठरतो.

आता बखरीकडे येऊ. बखर या शब्दाविषयी एक मत असे आहे की 'खबर' मधील अक्षरांची उलटापालट होऊन तो बनला. मला हे मत आवडते, कारण बखरीचा स्वभाव त्यात आहे: बातमी, पण थोडी फिरवलेली. बखर सहसा कोणाच्यातरी आज्ञेवरून लिहिली जाई. कृष्णाजी अनंत सभासदाने शिवछत्रपतींचे चरित्र १६९७ च्या सुमारास जिंजीला लिहिले, ते राजाराम महाराजांनी विचारल्यावरून. म्हणजे मुलगा वडिलांची गोष्ट विचारतो आहे आणि वडिलांचा जुना सेवक ती सांगतो आहे. आणि तेही स्वराज्य दक्षिणेच्या टोकाला एका वेढलेल्या किल्ल्यात तग धरून असताना. असा श्रोता समोर असताना सांगणारा धीर देणारच.

पोवाड्याची रीत याहून वेगळी. अफजलखानाच्या वधावर रचणारा अगिनदास किंवा सिंहगडावर रचणारा तुळशीदास आपले नाव कवनात गुंफतो. गोष्ट कोण सांगतो आहे हे श्रोत्याला ऐकताऐकताच कळते. बखरकार मात्र कथेच्या मागे लपतो आणि घटना आपोआपच बोलत आहेत असा भास निर्माण करतो.

पानिपताकडे वळताना पहिला श्रोता म्हणून उभ्या राहतात गोपिकाबाई. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी, विश्वासरावांच्या आई. थोरला मुलगा अठराव्या वर्षी रणात पडला. पाच महिन्यांनी, २३ जून १७६१ रोजी, पती पर्वतीवर वारले. रघुनाथ यादव याने लिहिलेली 'पाणिपतची बखर' याच गोपिकाबाईंच्या आज्ञेवरून लिहिली गेली असे सांगितले जाते. त्या बखरीत भारतीय युद्धाची छाया आहे, थोरथोर उपमा आहेत, सैन्याच्या संख्या फुगलेल्या आहेत. आपल्याला ती भाषा आज जड वाटते. विसाव्या शतकातल्या चिकित्सक इतिहासकारांनी अशा वर्णनांची थट्टाही केली. पण ऐकणारी व्यक्ती कोण आहे ते आठवा. मुलगा गेलेल्या आईसमोर बसून तो कसा गेला ते सांगायचे आहे. तिला गोळी कोठे लागली याचा कोरडा तपशील द्यायचा, की तिचा मुलगा अभिमन्यूच्या मालिकेत बसेल असा पट मांडायचा? बखरकाराने दुसरा मार्ग धरला. तो इतिहास म्हणून तोकडा पडतो. पण तो का धरला हे कळल्यावर फुगलेले आकडेसुद्धा काही सांगू लागतात. ते सैन्याविषयी फारसे बोलत नाहीत. हानी केवढी वाटली याविषयी बोलतात.

दुसरी बखर अधिक प्रसिद्ध: 'भाऊसाहेबांची बखर'. ती कोणी लिहिली यावर अभ्यासकांचे एकमत नाही. कृष्णाजी शामराव हे नाव अधिक घेतले जाते. मराठी गद्याचे सौंदर्य पाहायचे असेल तर ही बखर वाचावीच. मात्र वाचताना तिच्या आरंभाकडे लक्ष द्या. पानिपताची गोष्ट सांगायची तर ती कोठून सुरू करावी? अब्दालीच्या स्वारीपासून? भाऊसाहेब पटदूरहून निघाले तेथून? ही बखर त्याच्याही मागे जाते, रघुनाथरावांच्या उत्तरेतल्या स्वारीपर्यंत आणि कुंभेरीच्या वेढ्यापर्यंत. तेथे १७५४ मध्ये मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव तोफेच्या गोळ्याने मारले गेले. मल्हाररावांना सूरजमलाचा सूड हवा होता. पण वेढा तहाने उठला, आणि तो तह घडण्यात जयाप्पा शिंद्यांचा हात होता. शिंदे-होळकरांच्या मनातली अढी बखरकार येथून दाखवू लागतो.

निवेदक गोष्ट जेथे सुरू करतो तेथे त्याचे निदान असते. पानिपत हरले ते यमुनेच्या काठी नव्हे, आपल्याच दोन सरदारांच्या मनात सहा-सात वर्षे आधी, असे या बखरकाराला म्हणायचे आहे. तसे तो कोठेही थेट म्हणत नाही. गोष्टीचे पहिले पान उघडतानाच म्हणून मोकळा होतो.

याच बखरीत तो गाजलेला प्रसंग येतो: नजीबखानाला पुरता मोडू नका, तो राहिला तरच पेशव्यांना आपली गरज राहील, नाहीतर आपल्याला धोतरे धुवायला लावतील, अशा आशयाचा मल्हाररावांचा शिंद्यांना सल्ला. बंद दाराआडचे बोलणे. कागदावर उतरण्यासारखे नव्हते, आणि उतरवणाऱ्याने मल्हाररावांच्या तोंडचे शब्द ऐकले असण्याची शक्यता थोडीच. तरीही मल्हाररावांची नजीबावरची मेहेरनजर ही त्या काळी उघड बोलली जाणारी गोष्ट होती. त्या कुजबुजीला बखरकाराने एक खोली दिली, दोन माणसे दिली, एक झोंबणारे वाक्य दिले. आज अडीच शतकांनंतर आपण कुजबुज विसरलो आणि वाक्य पुरावा म्हणून फेकतो. मल्हाररावांवरचा सर्वांत जड आरोप अशा रीतीने एका निवेदकाच्या संवादकौशल्यावर उभा आहे.

उलट होळकरांच्या बाजूने लिहिलेल्या कैफियतीत पाहा. रणातून निघून जाणे हे तेथे पलायन नाही. भाऊसाहेबांनीच बायकामाणसांना घेऊन निघण्यास सांगितले म्हणून केलेले आज्ञापालन आहे. माणूस तोच, दिवस तोच, घोड्याची दिशाही तीच. दोन्ही निवेदकांना आपापले घर होते.

आता नदीपलीकडे जाऊ, म्हणजे विजेत्यांच्या छावणीत. तिथला आपला सांगणारा काशीराज पंडित. हा दक्षिणी ब्राह्मण अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या चाकरीत होता. वृत्तान्त फारसीत लिहिला, आणि तोही लढाईनंतर सुमारे वीस वर्षांनी, १७८० च्या आसपास. पुढे जेम्स ब्राऊन याने त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि युरोपात पानिपत मुख्यतः काशीराजाच्या डोळ्यांनी पाहिले जाऊ लागले.

काशीराजाचे स्थान विलक्षण आहे. तो शत्रूच्या गोटात आहे, पण भाषेने आणि जातीने भाऊसाहेबांच्या गोटाला जवळचा. तहाच्या बोलण्यात तोच मध्यस्थ. अगदी शेवटच्या रात्री, आता पाणी डोक्यावरून चालले आहे, काही करता येत असेल तर आत्ताच करा, अशा अर्थाची भाऊसाहेबांची चिठ्ठी आपल्या हाती आली, असे तो सांगतो. हे वाचताना अंगावर काटा येतो. पण एवढ्यासाठीच जरा थांबावे: या वृत्तान्तात प्रत्येक निर्णायक क्षणी काशीराज स्वतः हजर आहे. चिठ्ठी त्याच्याकडे येते, निरोप तो पोहोचवतो, कैद्यांसाठी रदबदली तो करतो, प्रेते तो ओळखतो. खोटे असेल असे नाही. मध्यस्थाचे कामच ते. तरीही वीस वर्षांनी आठवणी लिहिणारा माणूस आपली जागा थोडी पुढे सरकवतो, हे आपल्या घरातल्या कोणत्याही आजोबांच्या गोष्टी ऐकल्या तरी कळते.

त्याची विश्वासार्हता तपासण्याची एक सोपी युक्ती सांगतो. त्याने दिलेले आकडे पाहा. अब्दालीच्या पक्षाचे घोडदळ ४१,८००, पायदळ ३८,०००. मराठ्यांचे घोडदळ ५५,०००, पायदळ १५,०००. दिसले काही? स्वतःच्या बाजूच्या घोडदळाचा आकडा शेकड्यापर्यंत नेमका. समोरच्या बाजूचे दोन्ही आकडे हजारांत, पाचाच्या पटीत. एक संख्या कोणत्यातरी हिशेबातून आलेली वाटते, दुसरी अंदाजातून. निवेदकाला काय माहीत होते आणि काय ऐकीव होते, हे त्याने कबूल केले नसले तरी त्याच्या आकड्यांनी करून टाकले आहे. हा माझा तर्क आहे. पण जुने वृत्तान्त वाचताना अशी गोल आणि खडबडीत संख्यांची छाननी करून पाहा, पुष्कळ हाती लागते.

तिसरा निवेदक सर्वांत तरुण, आणि मला सर्वांत जवळचा. बाळाजी जनार्दन भानू. जन्म १२ फेब्रुवारी १७४२. म्हणजे पानिपताच्या दिवशी वय वर्षे अठरा, एकोणिसाव्याला महिना बाकी. विश्वासरावांचे जन्मवर्षही तेच. हा तरुण आई आणि पत्नी यांच्यासह लष्कराबरोबर निघाला होता, फडणिशीचे काम आणि उत्तरेतल्या तीर्थांची यात्रा अशा दुहेरी हेतूने. पुढे जग त्याला नाना फडणवीस म्हणून ओळखू लागले.

नानांचे आत्मचरित्र छोटेसे आहे आणि अपुरे आहे. पुण्याच्या कारभारात ज्यांच्या मनाचा थांग भल्याभल्यांना लागला नाही ते नाना या पानांत स्वतःविषयी कमालीचे मोकळे बोलतात. तारुण्यातले विकार, मनाचा दुबळेपणा, देवाची ओढ, सारे उघड. एवढी कबुली देणारा माणूस रणाचे वर्णन करताना मात्र बखरकारासारखा सर्वत्र फिरत नाही. त्याला जेवढे दिसले तेवढेच तो सांगतो. आपण भाऊसाहेबांच्या जवळ होतो. विश्वासराव पडले. गर्दी फुटली. मग भाऊसाहेब दिसेनासे झाले.

दिसेनासे झाले. बखरकार येथे चार पाने लिहिता. भाऊसाहेब शेवटी कोणाशी काय बोलले, किती जणांना लोळवले, हे सगळे सांगता. नानांची नजर धुळीपाशी थांबते आणि तेही तिथेच थांबतात. यानंतर येते ते पळणे: घोडा जातो, अंगावरची वस्त्रे जातात, वाटेत लुटारूंचे हल्ले, गवतात लपणे, उपाशी पोटी आणि अनवाणी पायांनी पश्चिमेकडे वाटचाल, अखेर रेवाडीचा आसरा. आई परत आली नाही. पत्नी वाचली.

या वर्णनात शौर्याचा एक शब्द नाही. लिहिणारा माणूस आपण पळालो हे लिहितो आहे. ज्याला आपली प्रतिमा सजवायची आहे तो असे लिहीत नाही. म्हणून पानिपताच्या सर्व सांगणाऱ्यांत मी नानांवर अधिक विसंबतो. पण एक सावधगिरी येथेही हवी: नाना एकट्या माणसाची वाट सांगतात. एवढ्या मोठ्या रणातली एका अठरा वर्षांच्या मुलाची दृष्टी केवढी असणार? होळकरांच्या बाजूला काय झाले, इब्राहिमखान गारद्याची पलटणे कशी कापली गेली, हे त्यांना दिसणे शक्यच नव्हते. प्रामाणिक निवेदक आणि पुरेसा निवेदक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चौथा आवाज निनावी आहे. भेलशाच्या बाजूला असलेल्या नानासाहेबांना पराभवाची वार्ता कळली ती एका सावकारी पत्रातून, अशी प्रसिद्ध हकिकत आहे. मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या हिशेबाच्या सांकेतिक भाषेत ते पत्र होते. एका पेढीवरच्या कोणा कारकुनाने ते लिहिले असेल. त्याला ना उपमा देता आल्या, ना कारणमीमांसा करता आली. कोण्या आईला समजवायचे नव्हते, कोण्या सरदाराचा बचाव करायचा नव्हता. वाट धोक्याची होती, पत्र पकडले जाण्याची भीती होती, म्हणून त्याने माणसांची नाणी केली. पानिपताची सर्वांत लहान कथा हीच, आणि कदाचित सर्वांत आधीची.

हे सारे आवाज एकमेकांसमोर उभे करण्याचे काम फार उशिरा झाले. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चा पहिला खंड काढला तो नेमका १७५० ते १७६१ या काळातील पत्रांचा. त्याच्या विस्तृत प्रस्तावनेत त्यांनी बखरींवर झोड उठवली: सनावळ्या चुकलेल्या, माणसे इकडची तिकडे, घटना भलत्या क्रमाने. अस्सल पत्र हेच खरे साधन, हा त्यांचा आग्रह. त्या आग्रहाने मराठी इतिहासलेखनाला कणा दिला, यात शंका नाही.

पण गंमत अशी की पत्रांचा कैवार घेणारे राजवाडे स्वतः निवेदक होऊन बोलू लागले तेव्हा त्यांनाही खलनायक लागलेच. मल्हारराव होळकर आणि गोविंदपंत बुंदेले यांच्या माथी त्यांनी अपयशाचे मोठे खापर फोडले. गोविंदपंत तर उतारवयातले. शत्रूची रसद तोडण्याच्या आणि भाऊसाहेबांना पैसा-धान्य पुरवण्याच्या कामात असताना डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले. मेलेल्या माणसाला आपली कैफियत लिहिता येत नाही. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी 'पानिपत : १७६१' या ग्रंथात, आधी १९४६ मध्ये इंग्रजीत आणि नंतर १९६१ मध्ये मराठीत, हा खटला पुन्हा उभा केला आणि राजवाड्यांच्या निकालाला हरकत घेतली. पत्रे पुष्कळशी तीच होती. सांगणारा बदलला, आणि आरोपीचा पिंजरा रिकामा होऊ लागला.

विश्वास पाटलांची 'पानिपत' ही कादंबरी १९८८ ची. आज बहुतेक मराठी तरुणांच्या मनातले भाऊसाहेब त्या कादंबरीतून आलेले आहेत, आणि कादंबरीकाराला मनात शिरण्याचा परवाना असतोच. तक्रार त्याच्याविषयी नाही. कादंबरी वाचून समाजमाध्यमांवर 'इतिहास साक्षी आहे' असे लिहिणाऱ्यांविषयी थोडी आहे.

एवढी चिकित्सा कशासाठी, असे कोणी विचारील. अडीचशे वर्षांपूर्वी कोण काय म्हणाले याने काय बिघडते? याचे उत्तर द्यायला मी तुम्हाला पुन्हा त्या धुळीपाशी नेतो, जिथे भाऊसाहेब दिसेनासे झाले.

भाऊसाहेबांचे काय झाले? काशीराज सांगतो की लढाईनंतर शोधाशोध झाली, शिर नसलेले एक धड खुणांवरून ओळखले गेले आणि त्यावर अग्निसंस्कार झाले. ओळखणाऱ्यांत तो स्वतः होता. पण ही हकिकत फारसीत उतरली ती सुमारे १७८० ला. त्याआधीची वीस वर्षे महाराष्ट्रात नाना अफवा होत्या. पुण्यात मरताना पाहिलेला माणूस नव्हता. दिसेनासे झाले असे म्हणणारे होते, मेले असे शपथेवर सांगणारे नव्हते. कथेत एक मोकळी जागा पडली होती, आणि अशा मोकळ्या जागेत कोणीतरी येऊन उभा राहतोच.

एक माणूस आला आणि म्हणाला, मी भाऊ.

उत्तर हिंदुस्थानातला हा सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण. मराठी इतिहासात तो 'तोतया' म्हणूनच राहिला. थोरल्या माधवरावांच्या काळात त्याची चौकशी झाली, तो खोटा ठरला, आणि पुढे त्याला रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत ठेवले गेले. १७७६ मध्ये तिथल्याच अधिकाऱ्याने त्याला सोडले, आणि पाहता पाहता त्याच्याभोवती हजारोंची फौज जमली. कोकणातले किल्ले त्याच्या नावाने उघडले. नारायणरावांचा खून, रघुनाथरावांचे बंड, इंग्रजांशी युद्ध, दोन वर्षांचे बाळ पेशवेपदावर: अशा घडीला मेलेला सेनापती परत आला ही गोष्ट लोकांना हवी होती. त्यातल्या कित्येकांनी भाऊसाहेबांना कधी पाहिलेही नसेल. ते गोष्टीवर विश्वास ठेवून आले होते.

बंड मोडले. तोतया पळाला, पकडला गेला, पुण्यास आणला गेला. पंचांसमोर पुन्हा चौकशी झाली आणि १७७६ च्या डिसेंबरात त्याला देहदंड दिला गेला. त्याला खरा म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना शिक्षा झाल्या.

त्या वेळी पुण्याचा कारभार कोणाच्या हाती होता ते ध्यानात घ्या. नाना फडणवीसांच्या. पानिपतावर भाऊसाहेबांना अगदी शेवटी पाहणाऱ्यांपैकी हयात असलेला तो एक माणूस. त्याने जे पाहिले होते त्याची सीमा त्याला ठाऊक होती. आणि राज्य सांभाळायचे तर 'दिसेनासे झाले' एवढ्यावर भागणार नव्हते, 'मेले' म्हणणे भाग होते. आत्मचरित्राची ती अपुरी पाने मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा मला १७७६ चे नाना आठवतात, पंचांच्या निकालाची वाट पाहणारे.

आणि शनिवारवाड्यात पार्वतीबाई होत्या, भाऊसाहेबांच्या पत्नी. त्याही पानिपतावर होत्या, त्याही पळून वाचल्या होत्या, आणि पती गेले हे त्यांना कोणी खात्रीने सांगू शकले नव्हते. त्यांनी वैधव्य स्वीकारले नाही. कुंकू तसेच राहिले. काशीराजाने उत्तरेत आपला वृत्तान्त लिहिला तेव्हा त्या पुण्यात हयात होत्या. १७८३ मध्ये, पानिपतानंतर बावीस वर्षांनी, त्या वारल्या.